आठव्या पट्ट्यातली चूक

काकू, डॉक्टर मॅडम, भावनाबेन, चिखल्याची सगळी मंडळी, आणि गंजाडहून, तलासरीहून सकाळची बस पकडून आलेले तुम्ही सगळे. सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. माझं काम कंप्युटरसमोर गप्प बसून करायचं. इथे उभी राहिले आणि पहिलं वाक्य काय बोलायचं होतं तेच विसरले. कागदावर लिहून आणलंय, पण आत्ता तो कागद वाचवत नाहीये. थोडी थांबले, अडखळले, तर सांभाळून घ्या.

मी सुनंदा. तलासरीजवळच्या एका पाड्यावरची. डहाणूला रक्ततपासणीचं जे आपलं केंद्र आहे, तिथे मी काम करते. सुधाकर चुरी, म्हणजे आपले काका, यांच्या हाताखाली मी तीन वर्षं काम केलं.

माझ्याआधी जे बोलले त्यांनी काकांच्या स्वभावाबद्दल सांगितलं. गावासाठी त्यांनी काय काय केलं ते सांगितलं. ते सगळं खरं आहे. मला काकूंनी सांगितलं, तू त्यांच्या कामाबद्दल बोल. मी म्हटलं, काकू, कामाबद्दल बोलायचं तर मला त्यांच्या चुकीबद्दल बोलावं लागेल. शोकसभेत असं बोलतात का? काकू म्हणाल्या, "तेच सांग. बाकीचं सगळेच सांगतील."

म्हणून मी तेच सांगणार आहे.

काका बोईसरच्या एका कारखान्यात पंचवीस वर्षं होते. तिथे मोजमापाची यंत्रं बनत, आणि त्या यंत्रांच्या आत चालणारे प्रोग्रॅम काका लिहीत. नोकरी संपली आणि ते चिखल्याला परत आले. घरचे चिकू होते, वाडी होती, निवांत राहता आलं असतं. पण दोन हजार चौदा साली डॉक्टर मॅडमनी डहाणूला सिकलसेलच्या तपासणीचं केंद्र सुरू केलं, आणि काका एक दिवस नुसते बघायला म्हणून तिथे गेले. ते नुसतं बघणं पाच वर्षं चाललं.

सिकलसेल म्हणजे काय ते इथल्या निम्म्या लोकांना मी सांगायची गरज नाही. आपल्या घराघरात तो आहे. रक्तातला आजार. आईबापांकडून येतो. एकाकडूनच आला तर मूल वाहक असतं, त्याला सहसा फार त्रास होत नाही. दोघांकडून आला तर मूल आजारी असतं. हातपाय दुखतात, ताप येतो, रक्त कमी होतं. त्या मुलाला औषध लागतं, लक्ष लागतं. त्यामुळे वाहक की आजारी, हे नीट कळणं फार महत्त्वाचं.

ते कळतं कसं? केंद्रात तपासणी करणाऱ्या आमच्या भावनाबेन रक्ताचे थेंब एका छोट्या पट्टीवर ठेवतात आणि तिच्यातून वीज सोडतात. रक्तातले वेगवेगळे भाग पट्टीवर वेगवेगळ्या जागी जाऊन थांबतात. तिथे रेघा उमटतात. एका पट्टीवर आठ जणांच्या जागा. त्यांना आम्ही पट्टे म्हणतो. पहिल्या पट्ट्यात नेहमी आधीपासून माहीत असलेलं रक्त, तुलनेसाठी. उरलेल्या सात पट्ट्यांत सात मुलं. आजाराची रेघ नसली तर मूल निरोगी. ती असली आणि सोबत चांगल्या रक्ताचीही रेघ दिसली तर मूल वाहक. चांगली रेघ अजिबात नसली तर आजारी.

सुरुवातीला भावनाबेन एकेक पट्टी भिंगाखाली धरून बघायच्या. शाळांमधून नमुने यायला लागले तशा पट्ट्या साचत गेल्या. काका म्हणाले, याचा फोटो काढू आणि कंप्युटरला रेघा मोजायला लावू. त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिला. वरचा भाग पायथन नावाच्या भाषेत, ती लिहायला सोपी. पण मोजण्याच्या जड कामाला पायथन फार वेळ घेतं. म्हणून ते काम त्यांनी सी भाषेत लिहिलं आणि पायथनच्या पोटात बसवलं. असे तीन तुकडे होते. एक फोटो सरळ करायचा, एक पट्टे वेगळे करून मोजायचा, एक निकाल काढायचा.

सी ही जुनी भाषा. काकांची आवडती. फार वेगवान. पण ती काही विचारत नाही. तुम्ही सांगाल ते करते. चुकीचं सांगितलंत तर चुकीचंही तितक्याच वेगाने करते. हे वाक्य माझं नाही, काकांचं आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला ते सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता. म्हणजे, मला सांभाळता येते, असा.

मी दोन हजार सोळाला केंद्रात लागले. नोंदी भरायला. कॉलेजमध्ये कंप्युटर शिकले होते, पण खरा प्रोग्रॅम कधी पाहिला नव्हता. काकांनी मला खुर्ची ओढून शेजारी बसवलं. दुपारचा डबा झाला की रोज एक तास शिकवायचे. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी एकदा विचारलं, काका, मला का शिकवता? ते म्हणाले, "तू विचारतेस म्हणून. न विचारणाऱ्याला काय शिकवणार?"

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर आमचा स्कॅनर बिघडला. काका तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सुट्टीवर होते. दुसरा स्कॅनर आला. तो मी जोडला, मंडळी. माझ्या हातांनी. जोडला, एक पट्टी टाकून बघितली, निकाल बरोबर आला, आणि मी खूश झाले. नव्या स्कॅनरची चित्रं जुन्यापेक्षा किंचित अरुंद होती. मला ते दिसलं होतं. त्याने काही फरक पडेल असं मला वाटलं नाही.

दोन वर्षं काम नीट चाललं. म्हणजे, नीट चाललंय असं आम्हाला वाटत होतं. प्रोग्रॅमवर सगळ्यांचा इतका विश्वास बसला, की प्रोग्रॅमने ज्या पट्टीवर शंका दाखवली तेवढीच भावनाबेन डोळ्यांनी बघायच्या.

मग दोन हजार अठरा उजाडलं. नवे कंप्युटर आले. पायथनही बदललं होतं, जुनं पायथन बंद होणार होतं. काकांचे सीचे तुकडे नव्यात बसेनात. काका म्हणाले, डागडुजी करतो, महिन्याभराचं काम. मी तेव्हा रस्ट नावाची नवी भाषा शिकत होते. सीइतकीच वेगवान, पण तिच्यात हे मोजमाप सुटसुटीत लिहिता येतं, आणि ती सीसारखी गप्प बसत नाही. चुकलात तर अडवते. मी धीर करून म्हटलं, "काका, डागडुजी नको. आपण हे तिन्ही तुकडे रस्टमध्ये नव्याने लिहू या."

काकांना ते आवडलं नाही. म्हणाले, "चार वर्षं चाललेली गोष्ट मोडून परत कशाला उभी करायची? आणि तुझी ती भाषा बघितली मी. फार प्रश्न विचारते."

मी म्हटलं, "काका, सी इथे फक्त तुम्हाला येतं. मला वाचता येतं, पण त्यात हात घालायची भीती वाटते. उद्या तुम्ही आला नाहीत तर हे कोण सांभाळणार?"

हे बोलले आणि माझं मलाच वाईट वाटलं. काका उठून बाहेर गेले. दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पूर्ण सीचा प्रोग्रॅम कागदावर छापून माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "घे. ओळ न् ओळ वाच. जिथे कळणार नाही तिथे खूण कर. पट्टे मोजायच्या तुकड्यापासून सुरुवात कर, तो सगळ्यात अवघड आहे."

मी लिहायला घेतलं. काम पुरं झालं तेव्हा जुन्या पट्ट्यांचे फोटो नव्या प्रोग्रॅमला दिले. काकांनी पहिल्या दिवसापासूनचा प्रत्येक फोटो जपून ठेवला होता. काही फोटो नीट मोजले गेले. काही फोटोंवर माझा प्रोग्रॅम मध्येच थांबला. पडद्यावर संदेश आला. त्याचा अर्थ असा, की तुम्ही जो ठिपका मागताय तो या चित्रात नाहीच.

मला वाटलं, माझंच चुकलं. कुणालाही तसंच वाटलं असतं. काकांचा प्रोग्रॅम त्याच फोटोंवर कधी अडला नव्हता. माझा अडतोय, म्हणजे दोष माझा. मी आठवडाभर शोधत राहिले. भावनाबेन रोज त्यांच्या गुजरातीत विचारायच्या, "थयुं?" झालं का? मी नाही म्हणून मान हलवायची. एकदा त्या म्हणाल्या, "जूनो तो चाले छे ने? मग कशाला जीव काढतेस?" मी परत शोधायला बसले.

शेवटी मी काकांकडे गेले. म्हटलं, काका, माझा प्रोग्रॅम फोटोच्या शेवटच्या ओळीवर बंद पडतो, मला चूक सापडत नाही.

त्यांनी माझा प्रोग्रॅम वाचला. मग स्वतःचा वाचला. मग टेबलाच्या खणातून आलेखाचा कागद काढला आणि पेन्सिलीने त्यावर चौकोन आखायला लागले. आठ पट्टे काढले. रुंदीचे आकडे लिहिले. बेरीज केली. परत केली. मी शेजारी उभी होते. त्यांचा हात थांबला, पण त्यांनी मान वर केली नाही. ते म्हणाले, "सुनंदा, तुझा बंद पडतोय तेच बरोबर आहे. माझा बंद पडायला हवा होता."

काय झालं होतं, ते सोपं करून सांगते. फोटो म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. आपल्याला त्या एकाखाली एक दिसतात. कंप्युटरच्या पोटात त्या एकापुढे एक असतात. पहिली ओळ संपली की लगेच दुसरी सुरू. काकांच्या प्रोग्रॅममध्ये पट्ट्याची रुंदी जुन्या स्कॅनरप्रमाणे धरलेली होती, आणि मीही तीच जशीच्या तशी उतरवली होती. नवा फोटो अरुंद. त्यामुळे आठवा पट्टा मोजताना प्रोग्रॅम फोटोची कड ओलांडून थोडा पुढे जायचा. पुढे काय होतं? पुढच्या ओळीची सुरुवात. म्हणजे पहिला पट्टा. माहीत असलेलं रक्त, ज्यात चांगली रेघ असते. ती रेघ आठव्या मुलाच्या नावावर जमा होत होती.

अगदी शेवटच्या ओळीला पुढे काहीच नसतं. तिथेही सी थांबलं नाही, पुढे जे काही पडलेलं होतं ते उचलून त्याने मोजलं. रस्ट तिथे थांबलं. त्याने तो ठिपका द्यायला नकार दिला, म्हणून आम्हाला कळलं.

आठव्या जागेवरच्या मुलाला चांगली रेघ नसली, तरी आमचा प्रोग्रॅम सांगायचा, आहे. आजारी मूल, आणि कागदावर लिहिलं जायचं, वाहक. काळजीचं कारण नाही.

खोलीत आम्ही तिघंच होतो. मी म्हटलं, काका, स्कॅनर मी जोडला होता, चित्र अरुंद आहे हे मला दिसलं होतं. भावनाबेन म्हणाल्या, मीच डोळ्यांनी बघायचं सोडलं, बघत राहिले असते तर पकडलं असतं. काकांनी दोघींचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्कॅनर बदलणारच. माणूस थकणारच. हे धरून प्रोग्रॅम लिहायचा असतो. मी ते धरलं नाही. यात वाटणी होत नाही."

माझा प्रोग्रॅम आम्ही दुरुस्त केला. नव्या स्कॅनरवरचे दोन वर्षांचे सगळे फोटो त्यातून काढले. भावनाबेननी प्रत्येक आठवा पट्टा परत भिंगाखाली बघितला. बहुतेकांचे निकाल तेच राहिले. चार मुलांचे बदलले. वाहक लिहिलेली चार मुलं आजारी होती.

त्यावर बैठक झाली. केंद्राला मदत करणाऱ्या मंडळींपैकी एक गृहस्थ आले होते. नाव घेत नाही, त्यांचा हेतू वाईट नव्हता. ते म्हणाले, या चौघांना नेहमीच्या फेरतपासणीला बोलवा. नवा निकाल द्या, औषध सुरू करा. प्रोग्रॅम चुकला वगैरे बोलायची काय गरज? लोकांचा विश्वास उडेल, तपासणीला येणार नाहीत, त्यात त्यांचंच नुकसान.

मंडळी, खरं सांगते, मला ते पटलं होतं. मी पाड्यावरची आहे. लोक एकदा बिथरले की परत येत नाहीत, हे मी बघितलंय.

काका शांतपणे म्हणाले, "त्या आईने दोन वर्षं आपल्या कागदावर विश्वास ठेवून मुलाला वागवलंय. ती स्वतःलाच विचारत बसेल, माझं काय चुकलं. तिचं काही चुकलेलं नाही, हे तिला कुणीतरी सांगायला हवं. मी लिहिलं, मी सांगणार."

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "गाडी मी देते. उद्याच जा."

आम्ही तिघं निघालो. भावनाबेन रक्त घ्यायला, मी आमच्या बोलीत समजावून सांगायला, आणि काका.

पहिलं घर गंजाडच्या पुढच्या एका पाड्यावर होतं. जयवंतीताई इथे समोर बसल्या आहेत. त्यांना विचारूनच मी हे सांगते आहे. त्यांची मुलगी मनीषा तेव्हा सात वर्षांची. आम्ही गेलो तेव्हा ती ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती. काका जयवंतीताईंसमोर खालीच बसले. म्हणाले, "ताई, मी कंप्युटरचं काम करतो. तुमच्या मुलीचा कागद माझ्या कंप्युटरने काढला. तो चुकीचा निघाला. तिला आजार आहे. दोन वर्षांपूर्वीच तुम्हाला हे कळायला हवं होतं. माझ्यामुळे कळलं नाही."

मी ते आमच्या बोलीत सांगितलं. जयवंतीताईंनी मनीषाकडे बघितलं. मग बोलल्या. त्या जे बोलल्या ते मी काकांना मराठीत सांगितलं. आज परत सांगते.

त्या म्हणाल्या, "ही म्हणायची, आई, पाय दुखतात. भाताच्या लावणीच्या वेळी म्हणायची, पाण्यात उभं राहवत नाही. मी म्हणायची, कागदात काही नाही, तू सोंग करतेस. दोनदा मारलंय मी तिला."

काकांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाले, "ताईंना सांग, तो मार त्यांच्या हातचा नव्हता. माझ्या हातचा होता."

मी सांगितलं. जयवंतीताईंनी त्यांना काहीही दूषण दिलं नाही. माफ केलं, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "आता काय करायचं?" काकांनी उद्या किती वाजता यायचं, कुणाला भेटायचं, सगळं सांगितलं. भावनाबेननी रक्त घेतलं. मनीषा रडली नाही. तिने काकांना विचारलं, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते ना?" मराठीतच विचारलं, शाळेतल्या मराठीत. काका म्हणाले, "नाही बाळा. तू खरं बोलत होतीस. आमचा कंप्युटर खोटं बोलत होता."

दुसऱ्या दोन घरी लोकांनी ऐकून घेतलं. चौथं घर तलासरीच्या बाजूला होतं. तिथल्या मुलाला त्या वर्षी दोनदा दवाखान्यात ठेवावं लागलं होतं, आणि वाहक असा कागद असल्यामुळे तिथे वेगळाच उपचार होत राहिला होता. त्याच्या वडिलांनी काकांचं अर्धंच ऐकलं आणि त्यांना ओट्यावरून खाली उतरायला सांगितलं. काका उतरले. अंगणात उभे राहून त्यांनी उरलेलं सांगितलं आणि आम्ही निघालो. पुढच्या आठवड्यात काका एकटे बसने तिथे गेले. परत हाकलले गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा ते वडील काही न बोलता मुलाला घेऊन त्यांच्याबरोबर बसमध्ये बसले. डहाणूपर्यंत दोघं शेजारी बसून आले. मुलाचं औषध सुरू झालं. त्या मुलाचे वडील आज आलेले नाहीत. त्यांचा राग अजून आहे. काका म्हणायचे, तो राग त्यांच्याकडे राहू दे, त्यांचा आहे तो.

आणि लोक तपासणीला यायचे थांबले का? काही जण थांबले. पण नंतर एकेक करून आले. येताना विचारायला लागले. हा कागद कंप्युटरने काढला की बेनने बघितला? बेनने बघितला असेल तरच सही करून नेतो. भावनाबेन आता प्रत्येक पट्टी दोनदा बघतात. प्रोग्रॅमच्या आधी आणि प्रोग्रॅमनंतर.

त्यानंतर काकांनी मला एक दिवस बोलावलं. म्हणाले, "उरलेले दोन तुकडेही सीमधून काढू. या वेळी मी लिहितो. तू शिकव."

बासष्ट वर्षांचा माणूस, मंडळी. आयुष्यभर ज्या भाषेत काम केलं ती बाजूला ठेवून माझ्यासारखीकडून नवी भाषा शिकायला बसला. माझी खुर्ची आता त्यांच्या जागी आणि त्यांची माझ्या. सुरुवातीला त्यांची फार चिडचिड व्हायची. रस्ट त्यांना जागोजागी अडवून विचारायचं. ही गोष्ट तुम्ही दुसऱ्याला देऊन टाकलीत, आता परत कशी वापरता? ही जागा रिकामी असली तर काय करणार? काका पडद्यावरचा प्रत्येक संदेश मोठ्याने वाचायचे आणि त्याच्याशी वाद घालायचे. एकदा म्हणाले, "ही बाई तर अगदी आमच्या शैलासारखी आहे. दाराबाहेर पाय टाकायच्या आत विचारते, चष्मा घेतला का, किल्ली घेतली का, छत्री घेतली का." काकू, तुम्ही हसताय. तुम्हाला हे माहीत नव्हतं ना? पण पुढे ते काय म्हणाले तेही ऐका. म्हणाले, "चाळीस वर्षं मी चिडलो तिच्यावर, पण किल्ली कधी विसरलो नाही."

फोटो सरळ करायचा तुकडा त्यांनी स्वतः लिहिला. हळूहळू, रोज थोडा. पुरा झाला त्या दिवशी त्यांनी पाच वर्षांतले सगळे फोटो त्यावरून चालवले. जुन्याचा आणि नव्याचा निकाल शेजारी शेजारी ठेवून बघितला. कुठेही फरक नव्हता. मी म्हटलं, काका, हा तुकडा बरोबरच होता की. उगाच लिहिला आपण. ते म्हणाले, "उगाच नाही. आधी तो बरोबर आहे असं मला वाटत होतं. आता मला माहीत आहे."

तिसरा तुकडा, निकाल काढायचा, त्यांनी निम्म्यापर्यंत आणला होता. मग छातीत दुखायला लागलं, आणि पुढचं तुम्हा सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या आठवड्यात मी केंद्रात गेले आणि काकांचा कंप्युटर उघडला. त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेण्यासाठी. ते काम पुरं करायला मला तीन दिवस लागले. शेवटच्या दिवशी भावनाबेन शेजारी बसून होत्या. सगळ्या जुन्या पट्ट्या एकेक करून गेल्या. निकाल जुळले. आज केंद्रात सीची एकही ओळ उरलेली नाही.

ते काम करताना मला एक गोष्ट दिसली, ती सांगून थांबते. प्रोग्रॅमच्या फाइलमध्ये सगळ्यात वर माणसांसाठी चार ओळी लिहायची पद्धत असते. कंप्युटर त्या वाचत नाही. लिहिणारा तिथे आपलं नाव लिहितो. पट्टे मोजायचा जो तुकडा मी लिहिला होता, त्याच्या वर मी संकोचाने दोघांची नावं टाकली होती. काकांनी कधीतरी मला न सांगता ते बदललं होतं. आता तिथे लिहिलंय, लेखिका सुनंदा. आणि खाली लिहिलंय, "या आधीच्या प्रोग्रॅममध्ये आठवा पट्टा चुकीचा मोजला जात होता. त्यामुळे चार मुलांना चुकीचा निकाल दिला गेला. ती चूक सुधाकर चुरी याने केली. हे वाचणाऱ्याने शेवटचा पट्टा हाताने मोजून बघावा."

मी ते भावनाबेनना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, माणूस गेला, आता ही ओळ ठेवायची का? मॅडमनीही विचारलं, तुला काय वाटतं? मी रात्रंदिवस त्याचा विचार केला. ज्यांनी मला शिकवलं त्यांचं नाव एका चुकीखाली कायमचं लिहिलेलं राहणार. ते काढून टाकायला मला एक क्षण लागेल.

मी ते काढलेलं नाही. आलेखाचा कागद घेतला, पेन्सिल घेतली, आणि शेवटचा पट्टा हाताने मोजला.

काका, बरोबर आला.

मंडळी, आता आपण सगळे उभे राहू या. मनीषा, तुझे पाय दुखत असतील तर तू बसून राहा, चालेल. काकांसाठी दोन मिनिटं कुणी काही बोलू नये.